ताईंचा कठडा

"तिला आत्ताच कठडा कशाला लागतोय?" सासूबाई म्हणाल्या आणि कात्री पुन्हा कापडात घातली.

कुलूपवाले काका खुर्चीच्या टोकावर बसले होते. गल्लीतल्या म्हाताऱ्या मंडळींनी त्यांनाच पुढे केलं होतं. वरच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांना धरायला काही नाही, लोक भिंत चाचपत उतरतात, तेव्हा निधीतून तिथे कठडा व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"वहिनी, तिला म्हणजे कुणाला?" त्यांनी विचारलं.

माझ्या नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गुडघा चोळणारा हात हळूच काढून घेतला.

ती म्हणजे माझी नणंद, आमच्या ताई. नऊ वर्षांची असताना तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. माझा नवरा तेव्हा रांगत होता. बाबांनी तिच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे तसेच पडून राहिले, कारण सासूबाईंना ते घरात वापरवेनात. त्यातून तिच्या आठवणीचा हा निधी निघाला. सासूबाई शाळेचे गणवेश शिवतात, त्या शिलाईतली भर त्यात घालतात, आणि वर्षातून एकदा आम्ही त्यांच्या कापड बेतायच्या टेबलाभोवती बसून वस्तीतलं एक काम ठरवतो. लोकांना वाटतं, आम्ही गरज बघतो. खरं तर आम्ही ताईंचं वय बघतो.

लग्न होऊन आले तेव्हा हे माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. आधी बागेत घसरगुंडी आली, मग वाचनालयात मुलांची खोली. ताई कॉलेजच्या वयाच्या झाल्या तसे बसथांब्यापासूनच्या रस्त्यावर दिवे लागले, कारण पोरीला क्लासहून यायला अंधार होतो. पुढे दवाखान्यात बाळाला पाजायला पडदा लावलेली खोली झाली. त्या वर्षी म्हणे सासूबाई कितीतरी दिवस गालातल्या गालात हसत होत्या. मी या घरात आले ती त्यानंतर, आणि माझ्या लेकीला त्याच खोलीत पाजलं. थोरलीचे कपडे धाकटीला व्हावेत, तसं माझं चाललंय. ताई पुढे, मी मागे. फोटोत दोन वेण्या घातलेल्या त्या एवढ्याशा मुलीला मी अहोजाहो करते. कधीच न भांडणारी नणंद मिळाली म्हणून मैत्रिणी माझा हेवा करतात. त्यांना मी सगळं सांगत बसत नाही.

"ती आता चाळिशीत आलीय," सासूबाई काकांना म्हणाल्या. पोरगी आत भांडी आवरत असावी, असा त्यांचा सूर होता. "तिला चाळिशी लागली असणार. सुई ओवताना हात लांब धरत असेल. यंदा बायकांचे डोळे तपासू, चष्मे देऊ. कठड्याचं पुढे बघू."

"पुढे म्हणजे कधी?"

"तिचं वय झालं की."

"आणि आमचं झालंय, त्याचं काय?" काका हसत म्हणाले. पण बाबांकडे लक्ष गेलं तसं हसू आवरून त्यांनी कप खाली ठेवला.

गेल्या थंडीत बाबा त्याच पायऱ्यांवरून घसरले होते. तेव्हापासून ते वर जात नाहीत. त्यांचे मित्र वरच्या बाकावर बसतात आणि बाबा खाली उभं राहून त्यांच्याशी ओरडून गप्पा मारतात. निधीकडे त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं, आजही मागितलं नाही.

"राहू द्या हो," ते काकांना म्हणाले. "तिचे पैसे आहेत. तिच्यासाठीच जाऊ देत." आणि भिंतीला धरून आत गेले.

मला सासूबाईंचा राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. "आई, जिवंत माणसाचे गुडघे दिसत नाहीत का तुम्हाला?" असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी मशीन सुरू केलं आणि माझं वाक्य त्या घरघरीत तसंच विरून गेलं.

संध्याकाळी गणवेशाचे गठ्ठे वरच्या शाळेत पोचवायचे होते. जड गठ्ठा मी घेतला, हलका त्यांनी. ऊन उतरलं होतं आणि त्या पिवळट उजेडात पायऱ्या वर कुठे संपतात ते कळत नव्हतं. अर्ध्यावर सासूबाईंना धाप लागली. त्या बसल्या, मीही बसले.

त्यांची एक सवय आहे. रस्त्यात ताईंच्या वयाची बाई दिसली की वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहतात. "अशी असती बघ," म्हणतात, "अशीच भराभर चालली असती." त्यामुळे मी आजवर कितीतरी ताई पाहिल्या आहेत. स्कूटरवरच्या, हातात फाइल धरलेल्या, भाजी निवडून घेताना घासाघीस करणाऱ्या. मला आता त्याचं काही वाटत नाही. कधी कधी तर मीच दाखवते.

तशी एक बाई आमच्या शेजारून खाली गेली. मी सासूबाईंना कोपराने खुणावलं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या मागून येणाऱ्या म्हातारीकडे बघत होत्या. उंच, वाकलेली, एक तळवा भिंतीला टेकलेला. आडवी होऊन ती एकेक पायरी पायाच्या बोटांनी शोधत होती.

"कोण गं ही?"

"कोण जाणे. दवाखान्यातून आली असेल."

"गुडघे बघ तिचे."

मी बघितले. बाबांसारखे बाहेर वळलेले होते.

"पाय तिचे बापावर गेलेले," त्या म्हणाल्या. कुणाचे, ते मी विचारलं नाही.

म्हातारी जवळ आली तशा सासूबाई गठ्ठा माझ्याकडे देऊन उठल्या आणि त्यांनी हात पुढे केला. म्हातारीने तो धरला. दोघी सावकाश खाली उतरल्या, मागून दोन्ही गठ्ठे सांभाळत मी. खाली पोचल्यावर म्हातारीने सासूबाईंच्या गालाला हात लावला, "सुखी राहा, बाई," म्हणाली आणि निघून गेली. सासूबाई तिच्याकडे वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

"एवढी म्हातारी होईल ती," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी कुठे असणार गं?"

मला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. पदराने माझंच तोंड पुसून म्हणाल्या, "पोरांचे कपडे मी वाढत्या अंगाचे शिवते. एवढं कसं सुचलं नाही मला? आत्ताच करून ठेवायला हवं. मागून कोण करणार तिच्यासाठी?"

चष्मे पुढच्या खेपेला गेले. काकांनीच ओळखीचा वेल्डर आणला. तो मापं घ्यायला आला त्या सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पायऱ्यांच्या तळाशी आमच्याही आधी हजर होते.

"उंची किती घ्यायची, आजी?" वेल्डरने विचारलं.

सासूबाईंच्या गळ्यात नेहमीसारखी टेप होती. त्यांनी तिला हात लावला नाही. डोळे मिटून त्यांनी तळवा आपल्या शेजारी हवेत धरला, कमरेच्या जरा वर. तिथे कुणी उभं असल्यासारखा तो स्थिर होता.

"इथे येतो तिचा हात," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "म्हातारपणी माणूस जरा आखडतं," असं म्हणत त्यांनी तो बोटभर खाली घेतला.

वेल्डरने आमच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढली.

बाबा पुढे झाले. रेघेवर तळवा टेकून ते पहिल्या पायरीवर चढले.

"बरोबर येतंय," ते म्हणाले.