गेल्या वर्षाची शिल्लक

"कार्ड चालत नाहीये," मी म्हटलं.

"पुन्हा घास. सहाशे चाळीस डॉलर आहेत त्यात," ओपलबाई म्हणाल्या.

क्लिनिकच्या काउंटरवर बसून मी तिसऱ्यांदा घासलं, तरी यंत्र आपलं नाहीच म्हणत होतं. तारीख जानेवारीची पाच.

ओपलबाई ड्रेक्सलर आमच्या ओहायोतल्या गावच्या शाळेत स्वयंपाक करतात. ऑगस्टमध्ये त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ वळेना. म्हणून त्या आमच्या क्लिनिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपीला येतात. झाकण उघडणं, चमचा धरणं, असली रोजची कामं हाताला नव्याने शिकवायची. सध्या त्या रजेवर आहेत; मार्चपर्यंत वाढायचा डाव धरता आला नाही, तर शाळा दुसरी बाई बघणार आहे. कर लागायच्या आधीच त्यांच्या पगारातून औषधपाण्यासाठी पैसे बाजूला पडायचे, त्या खात्याचं हे कार्ड.

मी खातेवाल्यांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"एकतीस डिसेंबरला मुदत संपली," पलीकडचा माणूस म्हणाला. "उरलेले परत मिळत नाहीत."

"म्हणजे गेले कुठे?" ओपलबाई म्हणाल्या. "मी तर खर्चलेच नाहीत."

"नव्या वर्षासाठी पगारातून किती कापायला सांगितलेत?"

"काहीच नाही. जुने होते ना शिल्लक!"

थेरपिस्ट इनेझने त्यांना आठवड्यातून दोनदा बोलावलं होतं. ओपलबाई पंधरा दिवसांतून एकदाच यायच्या. पैसे मार्चपर्यंत पुरवायचे होते.

मी फोन ठेवला.

"पण तूच म्हणाली होतीस ना, हे पैसे कुठे जात नाहीत म्हणून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

म्हणाले होते. नोव्हेंबरात, याच खुर्चीत बसून, मोठ्या शहाणपणाने. माझंही औषधपाण्याचं असंच खातं आहे, त्यातले पैसे वर्षानुवर्षं राहतात. दोघींची कार्डं सारखीच दिसतात, कर दोन्हींना नाही. मग एकीचे राहतात आणि दुसरीचे जातात, हे कसं? मला अजूनही ते धड कळलेलं नाही. लाज मात्र त्यांनी विचारताच वाटली.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"असू दे. पुढच्या वेळा रद्द कर. आणि इनेझला सांगू नकोस. ती फुकट करायला बसेल, मग तुमचा साहेब तिच्या अंगावर येईल."

त्यांनी कोट चढवला. वरचं बटण दोनदा लावून बघितलं. मग माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"लाव गं एवढं. बाहेर मरणाची थंडी आहे."

मी काउंटरबाहेर आले आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. त्या माझ्या डोक्यावरून घड्याळाकडे बघत होत्या. शाळेत पोरांच्या जेवणाची वेळ होत आली होती.