हिरवा गोट

दोन्ही मुली आता वेगवेगळ्या गावी राहतात, आणि फोनवर नुसता श्वास ऐकूनही कोणती बोलते आहे ते मला कळतं. तरी वर्षातून एकदा कपाट आवरायला काढलं की तळाशी ठेवलेलं ते झबलं हाती येतं आणि आवराआवर तिथेच थांबते. पांढरं मलमल, वीतभर लांबी, गळ्याला आणि बाह्यांना गढूळ हिरवा गोट. तो रंग कुणी निवडलेला नव्हता.

मुली जन्मल्या तेव्हा दोघींमध्ये आठ मिनिटांचं आणि सहाशे ग्रॅमचं अंतर होतं. बाकी नाक, हनुवटी, मुठी वळण्याची तऱ्हा, सगळं एकाच साच्यातलं. थोरली प्यायची आणि झोपायची. धाकटी प्यायची आणि तेवढंच ओकून टाकायची. दर पाजण्यानंतर तिला अर्धा तास खांद्यावर उभी धरा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तेव्हा माझे टाके ओले होते. उभं राहायला मलाच भिंतीचा आधार लागत होता. मुलींचे बाबा शाळेत भूगोल शिकवत. त्यांनी पाजणं, झोप, लंगोट, सगळ्यांचे रंगीत चौकोन आखून एक वेळापत्रक केलं. चौथ्या दिवशी ते एका ओल्या दुपट्याखाली सापडलं.

त्याच दिवशी वन्सं आल्या. माझी थोरली नणंद, शिवणकामाचं दुकान चालवणारी, बोलायला कात्रीसारखी. दुकानाला कुलूप लावून, हातमशीन रिक्षात घालून त्या दारात उतरल्या. गळ्यात मोजमापाची फीत होती, ती काढायची राहून गेली होती; पुढे तीन महिने ती तिथेच राहिली. त्यांनी दोघी मुलींकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

“दोन बाह्या एकदम शिवता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “एक तू घे, एक मी घेते.”

अशी वाटणी झाली. थोरली माझी, धाकटी वन्संची. चूक होऊ नये म्हणून त्यांनी झबली शिवली: थोरलीच्या झबल्याला पिवळा गोट, धाकटीच्याला निळा. आमचं घर त्या दोन रंगांवर चालू लागलं. पिवळं रडलं की मी उठायची, निळं रडलं की वन्सं. मी काढून ठेवलेलं दूध त्या चमच्यानं धाकटीला पाजत आणि तिला डाव्या खांद्यावर टाकून खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या घालत. धाकटी फितीचं टोक मुठीत धरून झोपी जाई. उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत भिंतीवर चढे, आणि मी पलंगावरून त्या दोघींकडे पाहत राही. त्या दिवसांचं मला सर्वांत जास्त काय आठवत असेल, तर तो उन्हाचा तुकडा आणि त्यातून ये-जा करणारी वन्संची पावलं.

माझे टाके भरले. धाकटीचं वजन वाढलं; तिसऱ्या महिन्यात वजनकाट्यालाही दोघींत फारसा फरक दिसेना. आता वाटणीची गरज उरली नव्हती, पण वाटणी मुरली होती. मी धाकटीला घेतलं की ती ताठ व्हायची, मान मागे टाकून रडायची. वन्संनी हात पुढे केला की गप्प. तिच्या रडण्यापेक्षा ते गप्प होणंच माझ्या जिव्हारी लागे. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की तीन महिन्यांच्या मुलीला सरहद्दी कळत नसतात. तिकडे शाळांच्या गणवेशांचा हंगाम तोंडावर आला होता आणि दुकानाची गिऱ्हाइकं वन्संना रोज फोन करत होती. त्या गेल्यावर ही मुलगी कुणाची?

एका सकाळी वन्सं परतीचं तिकीट काढायला गेल्या. मुलींना जुनी झबली तोकडी होऊ लागली होती, म्हणून त्यांनी आठवडाभर बसून नवी सोळा शिवली होती. त्या गेल्यावर ती बाबांनी धुवायला घेतली, आणि स्वच्छतेच्या उत्साहात सगळी एकाच बादलीत, कढत पाण्यात बुडवली. निळ्या आणि पिवळ्या, दोन्ही गोटांचं कापड कच्च्या रंगाचं निघालं. दोरीवर वाळली तेव्हा सोळाच्या सोळा झबल्यांचा गोट हिरवा होता.

मी जेवून जरा पडले होते. जाग आली तेव्हा बाबांनी दोघींना अंघोळ घालून, एका पंच्यात पुसून, हिरव्या गोटांत शेजारी शेजारी निजवलं होतं. डावीकडची थोरली, असं त्यांनी नकाशावर बोट ठेवावं तसं सांगितलं आणि ते तपासायच्या वह्यांकडे वळले. आईला म्हणे उपजत कळतं. मला कळलं नाही. तीन महिने मी मुली वाचल्याच नव्हत्या, गोट वाचले होते.

डावीकडची रडू लागली. आपलीच आहे या भरवशावर मी तिला उचललं, खांद्यावर टाकलं, आणि मनात काहीही न आणता खिडकी ते दार चालू लागले. दुसऱ्या फेरीत तिचं रडणं मंदावलं. चौथ्या फेरीत तिनं माझ्या साडीचा पदर मुठीत धरला आणि मानेशी ऊन ऊन श्वास सोडत ती झोपली. थोरलीच आहे, म्हणून मला त्याचं काहीच अप्रूप वाटलं नाही.

वन्सं आल्या, पायांतल्या चपला काढतानाच त्यांची नजर झबल्यांवर गेली. त्यांच्या दुकानात ठळक अक्षरांत पाटी होती: कापड आधी भिजवून आणावे. बाबांनी त्या पाटीची आठवण करून दिली. वन्संनी भावाकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा वह्यांत डोकं घातलं.

“तीस वर्षांत पहिल्यांदा न भिजवता कापड कापलं,” त्या पुटपुटल्या. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि खांद्यावरच्या मुलीचा कान एका बोटानं अलगद पुढे केला. कानामागे तांदळाएवढा तांबूस डाग होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता.

“ही धाकटी आहे,” वन्सं म्हणाल्या. “कधीची झोपलीये?”

“तासभर झाला.”

माझे खांदे आपोआप आखडले. मुलगी झोपेतच कुरकुरली. वन्संचा हात सवयीनं पुढे आला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवून खाली दाबला. “ढिला सोड. ती तुला भीत नव्हती गं. तू तिला भीत होतीस.”

मी खांदा सोडला. मुलगी पुन्हा शांत झाली.

तिकीट आठ दिवसांनंतरचं होतं. त्या आठ दिवसांत वन्संनी धाकटीला एकदाही उचललं नाही. ती रडली की त्या मशीनचं चाक जोरात फिरवत, आणि मी पोचेपर्यंत मान वर करत नसत. त्या काय शिवताहेत ते मी विचारलं नाही. निघण्याच्या सकाळी त्यांनी घडी घातलेली सोळा नवी झबली पलंगावर ठेवली. सगळ्यांना पांढरा गोट होता.

“आता तुझं तू ओळख,” त्या म्हणाल्या.

रिक्षात मशीन चढलं. धाकटी माझ्या डाव्या खांद्यावर होती. वन्संनी तिच्याकडे पाहिलं नाही. गळ्यातली फीत मात्र काढून माझ्या गळ्यात घातली आणि दुकानात दुसरी आहे, असं रिक्षावाल्याकडे बघत सांगितलं.

हिरव्या झबल्यांची पुढे फडकी झाली. एक मी ठेवलं. फीत त्याच्याच घडीत आहे. तिच्या टोकाचे पहिले तीन आकडे चोखून चोखून पुसले गेले आहेत.