माझ्यातली अकरा मिनिटे

बाजू अ

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून सांगते. तळहाताएवढी चपटी डबी, आत दोन चाके आणि चाकांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. फितीवर आवाज भरतात. एकदा भरला की तो आवाज माझ्यातून बाहेर पडू शकत नाही, फक्त ऐकू येतो.

आत्ता मी स्वतःच बाहेर पडू शकत नाही. कसबा पेठेतल्या एका खोलीत, एका टेपडेकच्या पोटात मी तीन वर्षे आहे. डेकचे दार उघडत नाही. दाराला काच आहे, त्यामुळे सगळे दिसते. हे जास्त वाईट.

१९८३ साली रतन नावाच्या माणसाने मला विकत घेतले. ते टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करत. त्यांच्या पत्नी विमलाबाई एका दवाखान्यात आया होत्या. बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला त्या वस्तीत गायच्या. गाणी त्यांची स्वतःची. फरशी पुसताना जुळवलेली, कागदावर कधीच न उतरलेली. रतन यांना वाटले, ही कुठेतरी राहायला हवीत.

एका रविवारी दुपारी त्यांनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला. आवाज नको म्हणून स्टोव्ह बंद केला. त्यांची मुलगी जया तेव्हा नववीत होती. तिने माइक धरला. अर्धा तास तिचा हात हलला नाही.

विमलाबाईंचा आवाज मऊ नव्हता, त्याला कड होती. ओळीचा शेवटचा शब्द त्या असा धरून ठेवायच्या, जणू डोक्यावरची भरलेली घागर उतरवायला जागा शोधत आहेत. पहिले गाणे संपले. दुसरे सुरू झाले. त्या दुसऱ्या गाण्याचा मुखडा इतका सुंदर होता की रतन यांनी डोळे मिटले. त्याचे शब्द असे होते की

खट्.

"तिसऱ्या क्रमांकावर चर्चाच नको!"

"का नको? तुमचे बुवा तिसरे आणि अख्खा देश जिला ऐकतो ती बाई आठवी?"

"अख्खा देश वडापावही खातो. म्हणून त्याला कोणी पक्वान्न म्हणत नाही."

"सर, बुवांना तुम्ही समोर बसून किती वेळा ऐकलंय?"

"एकदा. पण ते ऐकणं होतं. तू दिवसभर कानात बोंडं घालून फिरतोस, त्याला ऐकणं म्हणत नाहीत, आमोद."

मित्रांनो, दचकू नका. माझ्यात हे असेच आहे. विमलाबाई गात असतात आणि मधेच ही मंडळी बोलू लागतात. ते कसे झाले, ते सांगते.

विमलाबाईंचे गाणे भरून झाल्यावर रतन यांनी माझ्या पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्यांपैकी एक मोडली. ती मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. माझ्यावर नाव मात्र त्यांनी लिहिले नाही. घरात कॅसेट एकच, तिला नाव कशाला? दुसरी बाजू पुढच्या वर्षी भरू, असे ते म्हणाले होते. पुढच्या वर्षी ते नव्हते. त्यानंतर विमलाबाईंनी लोकांसमोर गाणे सोडले. मी लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली गेले आणि तिथेच राहिले. तिथेही अंधार होता, पण तो घरचा होता.

तीन वर्षांपूर्वी जयाने मला बाहेर काढले. ती आता सरकारी कचेरीत हेडक्लार्क होती आणि दर रविवारी सकाळी 'श्रवण मंडळा'त जात असे. हे मंडळ म्हणजे श्यामसुंदर सरांची पुढची खोली. सर निवृत्त शिक्षक, रागदारीचे कट्टर भक्त. आमोद त्यांचा पुतण्या, खराडीला नोकरी, नव्या-जुन्या सगळ्या गाण्यांचा हिशेबनीस. आणखी पाच-सहा जण. भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर दहा नावे: आजवरचे सर्वश्रेष्ठ गायक. दर वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी ही यादी नव्याने ठरे. नियम एकच होता. या खोलीत जे वाजले नाही, त्याचे नाव फळ्यावर येणार नाही.

मला हसू आवरत नव्हते. माझी फीत सगळ्यांसाठी एकाच वेगाने फिरते. पहिल्या क्रमांकासाठी मी सावकाश फिरत नाही आणि दहाव्यासाठी घाई करत नाही.

त्या रविवारी जयाने मला डेकमध्ये घातले आणि दुसरे गाणे बरोबर लागेल अशी फीत पुढे नेऊन ठेवली.

"काय आणलंय, जयाताई?" सरांनी विचारले.

"माझ्या आईचं गाणं."

"अरे वा. पाच मिनिटांत वाजवू. आधी तिसऱ्याचा निकाल लागू द्या."

निकाल लागला नाही. जया स्वयंपाकघरात चहा ओतायला गेली. तेवढ्यात आमोद उठला; तो उशिरा आला होता, कॅसेटचे बोलणे त्याने ऐकले नव्हते आणि बाकीचे वादात गुंतले होते. दर वर्षी मंडळी 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणतात, तेव्हा आज पुरावाच ठेवू, असे त्याच्या मनात आले. डेकला माइक होताच. त्याने मला बाहेर काढून पाहिले. नाव नाही. काकांची एखादी जुनी कॅसेट असेल, असे त्याला वाटले. पाठीवरची पट्टी मोडलेली होती. त्याने वर्तमानपत्राचा कपटा चुरगाळून बोळा केला, त्या खाचेत कोंबला आणि तांबडे बटण दाबले.

मला ओरडता आले असते, तर!

अकरा मिनिटे. एकेक शब्द विझत गेला आणि त्याच्या जागी बुवा आणि आठवी बाई आणि वडापाव येत गेला. मग सरांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल हादरले, माझी फीत रुळात गुरफटली आणि डेक बंद पडला. दार उघडेना. जया चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अगं बाई, माझी कॅसेट आत आहे."

मी काचेतून आमोदचा चेहरा पाहिला. त्याला त्याच क्षणी कळले. त्याने चहाचा कप उचलला.

तेव्हापासून मी अशी. डेक आता नुसता चहाचे कप ठेवायला उपयोगी. त्यावर एक छोटा ब्लूटूथ स्पीकर असतो, त्यातून जगातले सगळे श्रेष्ठ माझ्या डोक्यावर गातात. दुरुस्तीचा विषय निघाला की आमोद म्हणतो, "नको, जुना डेक आहे, खोलला तर कायमचा जाईल." सरांना ते पटते. दर वर्षी जया हात वर करते.

"माझ्या आईचं नाव."

"वाजवा की, मग बघू," सर म्हणतात.

"वाजवायला ती तुमच्या डेकमध्ये आहे, सर."

"मग नियमाला आम्ही काय करणार?"

सगळे हसतात. जयाही थोडी हसते आणि लाडवांचा डबा पुढे करते. आमोद लाडू घेतो. माझ्यासारखाच तोही आत अडकला आहे, हे फक्त मला ठाऊक आहे.

आज मात्र ती डबा न आणता आली आहे. उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, आईला अर्धांगवायूचा झटका आला. दोन महिने झाले, आवाज गेलाय. डॉक्टर म्हणतात, परत यायचा नाही. तुमची यादी तुम्हाला लखलाभ. मला कॅसेट द्या."

तिच्यामागे दारात एक माणूस उभा आहे. हातात पेचकस.

बाजू ब

बाहेर. उजेड इतका आहे की काही क्षण मला स्वतःची फीतही दिसली नाही.

त्या माणसाचे नाव भीमराव. स्वारगेटजवळ त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान आहे. चार स्क्रू, एक पट्टा, आणि दार उघडले. गुरफटलेली फीत त्यांनी बोटाने सोडवली आणि पेन्सिलीने हळूहळू आत घेतली.

"सर, एवढ्याला तीन वर्षं लावलीत? दहा मिनिटांचं काम हो." मग त्यांनी मला उलटे केले. "हा बोळा कोणी कोंबला?"



"मी," आमोद म्हणाला. "जयाताई, मला वाटलं काकांची आहे. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा कळलं. मग वाटलं, दार उघडलंच नाही तर…"

"तर मला कळणारच नाही."

"हो."

"तीन वर्षं माझे लाडू खाल्लेस रे."

भीमरावांनी सोबत आणलेल्या प्लेअरमध्ये मला घातले. पहिले गाणे पूर्ण वाजले. सहा मिनिटे. चहा तसाच गार झाला. श्यामसुंदर सर आधी खुर्चीत टेकून बसले होते, मग पुढे सरकले, मग त्यांनी चष्मा काढला. दुसऱ्या गाण्याचे पहिले दोन शब्द आले आणि

खट्.

"तिसऱ्या क्रमांकावर चर्चाच नको!"

अकरा मिनिटे त्यांनी स्वतःला ऐकले. मधे कोणी बंद करायला गेले, तर जया म्हणाली, "वाजू द्या. खोलीत वाजायला हवं ना?" अकरा मिनिटांनी पुन्हा खट् झाले आणि विमलाबाई एका वेगळ्याच गाण्याच्या मध्यावर सापडल्या.

गाणे संपले तेव्हा सर उठले. फळ्यापाशी गेले. तिसऱ्या नावावर त्यांनी डस्टर ठेवले, त्या बुवांच्या नावावर, ज्यांच्यासाठी त्यांनी टेबल फोडले असते.

"थांबा, सर," जया म्हणाली. "कोणाला पुसून माझ्या आईला लिहू नका. तिच्या बाबतीत तेच झालंय."

सरांचा हात तसाच राहिला. मग ते डस्टर घेऊन खाली बसले. जिना उतरताना आमोद मागे आला, म्हणाला, "ताई, काहीतरी करता येईल. सॉफ्टवेअर असतं." भीमराव मान हलवत म्हणाले, "नाही रे बाबा. वर दुसरं भरलं की खालचं गेलेलं असतं."

संध्याकाळी मी घरी होते. विमलाबाई पलंगावर. भीमरावांनी प्लेअर चार दिवसांसाठी दिला होता, जयाने तो उशाशी ठेवला. पहिल्या गाण्याला विमलाबाईंचे डोळे छताकडे. काहीच हलले नाही. दुसरे सुरू झाले, दोन शब्द, आणि भांडण. जयाने बटणाकडे हात नेला, पण तेवढ्यात तिला चादरीवर काही दिसले.

विमलाबाईंच्या डाव्या हाताचे एक बोट हलत होते. ठेका. बुवा तिसरे की सातवे यावर सर ओरडत होते आणि त्याखाली ते बोट संथपणे पडत होते. मधे एकदा थांबले. दुसरे गाणे संपले असावे. मग जरा जलद, तिसरे. माझ्यात नसलेले सगळे त्या चादरीवर चालू होते. जया बोटाकडे पाहत होती, मी काचेतून पाहत होते, आणि शब्द आम्हा दोघींनाही कळत नव्हते.

खट्. आवाज परत आला. बोट दोन मात्रा पुढे गेले होते. ते थांबले. स्वतःच्याच आवाजाची वाट पाहत राहिले, आणि तो जवळ आल्यावर त्याच्याबरोबर पुन्हा चालू लागले.

मित्रांनो, ती अकरा मिनिटे आता फक्त विमलाबाईंच्या आत आहेत आणि त्यांना ती बाहेर काढता येत नाहीत. मी कितीही फिरले तरी माझ्याकडे त्या जागी भांडणच आहे. तुम्ही यादी जरूर करा, भांडा, पहिला कोण ते ठरवा. पण तुमच्या घरात भांडी घासताना, कपडे वाळत घालताना कोणी काही गुणगुणत असेल, तर आजच जवळ जा आणि म्हणा, पुन्हा एकदा म्हणून दाखव. आणि ते संपेपर्यंत काही बोलू नका.