पंख उघडलेला नीळकंठ

"असा बसवून काऊन ठेवला त्याले?" जयवंताने मागून विचारलं, तेव्हा प्रेमदास पेंटर त्याच पाखराची चोच पुन्हा एकदा रंगवत होता.

"पाखरू हाये. बसनच ना."

"नीळकंठ बसला म्हंजे मातकट दिसते. तारेवर पाह्यला नाई का कधी?" तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि नवऱ्यापुढे दोन्ही हात पसरले. "निळा रंग सारा पंखात दडून राह्यते. उडाला म्हंजेच दिसते. पह्यले फिक्का, मंग गडद. कायचं लेबल हाये हे?"

"सरबताचं," प्रेमदास म्हणाला आणि धुतलेला ब्रश उगाच परत धुऊ लागला.

सिंदीत त्याला सगळे पेंटर म्हणत, पण त्याचा मूळ धंदा मार्क्यांचा. जिनिंगमधून रुईच्या गाठी बांधून निघाल्या की त्यांवर काळ्या शाईने व्यापाऱ्याचा मार्का उमटवायचा. कुणाचा हत्ती, कुणाचा नांगर, एका हौशी शेटजीची तर मोटारगाडी. पत्र्यातून ते साचे कापून द्यायचा प्रेमदास. त्याचा हत्ती पार मुंबईला जायचा आणि तिथे गिरणीत गाठ फोडली की तरटासोबत उकिरड्यावर पडायचा. पुढे कापसाची खरेदी सरकारने स्वतःकडे घेतली आणि व्यापाऱ्यांबरोबर हत्तीही गेला, मोटारगाडीही गेली. तेव्हापासून तो दुकानांच्या पाट्या रंगवत होता. पाट्यांवर पोट भरत होतं, जीव मात्र भरत नव्हता. रंगीत छापलेलं, हजारो हातांत जाणारं, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रेम आर्ट, सिंदी' लिहिलेलं एक तरी चित्र आपल्या हातून व्हावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्या एका हव्यासापायी तो धड एका जागी बसत नसे.

शेवटी काम आलं ते नागपूरजवळ नव्याने निघालेल्या एका लहानशा बिअरच्या कारखान्याचं. बिअरचं नाव 'ब्लू बर्ड'. इकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन तीन-चार वर्षं झालेली. त्यात जयवंताचा धाकटा भाऊ हातभट्टीपायी ऐन तारुण्यात गेलेला, आणि गावातल्या बायांनी भट्टीची मडकी फोडली तेव्हा सगळ्यांत पुढे हीच. अशा बाईपुढे बिअरचं नाव काढायची छाती प्रेमदासला नव्हती. सरबतावर निभावलं.

पाखरू मात्र त्याने तिने सांगितलं तसंच काढलं. पंख उघडलेलं, आधी फिकट निळं, मग गडद. खाली इंग्रजी अक्षरं अशी वळणदार घातली की कारखान्याचा मालक म्हणाला, "पेंटर, बाटली फोडावीशी वाटणार नाही कुणाला."

दसरा दोन दिवसांवर आला असताना छापून आलेलं लेबल घेऊन तो घरी आला. जयवंताने ते उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"जिवंत हाये हो," ती म्हणाली. "द्या इकडं. आज दारूबंदीची बैठक हाये आमची, साऱ्या बायायले दाखवू द्या."

ती पदर सावरून उंबऱ्यापर्यंत पोचलीही. आता गप्प राहिलं तर भर बैठकीत कुणीतरी शिकलेली बाई वाचून दाखवणार.

"थांब," प्रेमदास म्हणाला. "ते सरबताचं नाई. बियरचं हाये."

जयवंता उंबऱ्यातच उभी राहिली. तिने आदळआपट केली नाही, की आवाज चढवला नाही. लेबल तेवढं त्याच्या रंगाच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलं.

"माह्या भावाले त्या दारूनं नेलं," ती म्हणाली, "अन् तिच्या बाटलीवर मी सांगतलेलं पाखरू. काढून टाका म्हना ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशनवर गेला. नागपूरची पॅसेंजर आली, थांबली आणि सुटली. प्रेमदास बाकावर बसून राहिला. छापखान्यात जाऊन हातापाया पडलं असतं तर पुढची छपाई थांबलीही असती; पण खरं म्हणजे त्याला ते पाखरू काढायचंच नव्हतं. घरी येऊन त्याने तसं सांगितलं. खोटं बोलायची त्याला आता लाज वाटत होती, आणि खरं बोलूनही ती कमी झाली नाही.

दसऱ्याला नीळकंठाचं दर्शन शुभ मानतात. त्या दसऱ्याला जयवंता ते घ्यायला शेताकडे एकटीच गेली. संध्याकाळी साऱ्या आळीला सोनं वाटलं, नवऱ्याच्या हातावर मात्र पान ठेवलं नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते प्रेमदासलाच ठाऊक. जेवायला वाढलं जाई, विचारलं तर उत्तर मिळे, बाकी घर मुकं. ज्या चित्रासाठी हे सगळं केलं ते त्याच्या जिल्ह्यात विकायला बंदी. नागपूरकडून येणारी गाडी हद्दीत शिरली की पिणारे घाईघाईने बाटल्या रिकाम्या करून खिडकीतून फेकत, म्हणून हा गृहस्थ रुळाकडेने फिरायचा. कधी फुटलेल्या काचेला चिकटलेला निळा पंख सापडे. तो खिशात घालायचा आणि घराजवळ आला की टाकून द्यायचा.

पुन्हा दसरा आला. ढगाळ हवेत सकाळपासून कुणालाच नीळकंठ दिसला नाही. संध्याकाळी आळीत बोलणं झालं की कौशल्याबाईंकडे चला, तिथे दर्शन होते. कौशल्याबाई म्हणजे चार घरं पलीकडची म्हातारी. पायांनी अधू झालेली, शेतापर्यंत जाणं तिच्याच्याने होत नसे. तिचा मुलगा रेल्वेत गँगमन. रुळाकडेच्या धड बाटल्या तो रॉकेलसाठी घरी आणायचा.

प्रेमदास गेला तेव्हा आत बाया दाटीने उभ्या होत्या. त्यांत जयवंताही होती. देवाच्या फळीशेजारी भिंतीवर नीळकंठ चिकटवलेला होता, पंख उघडून. खालची वळणदार अक्षरं म्हातारीने कात्रीने कापून टाकली होती. कोपऱ्यातलं 'प्रेम आर्ट, सिंदी'ही त्यांच्यासोबत गेलं होतं. पाखराला हळदकुंकू वाहिलं होतं.

"ये बाबू, तूही पाया पड," कौशल्याबाई म्हणाली. "बाटलीले होता. म्या भिजवून काढला. तू पेंटर मानूस, सांग बरं, कोनं काढला असंन इतका सुंदर?"

हेच कुणीतरी विचारावं म्हणून प्रेमदास वर्षभर रुळाकडेने भटकला होता. त्याने तोंड उघडलं, आणि समोर जयवंता दिसली. ती त्याच्याकडे नाही, पाखराकडे पाहत होती.

"काढनाऱ्याचं काय मालूम," तो म्हणाला. "पन ज्यानं सांगतलं, त्यानं उडताना पाह्यला असंन."

"खरं हाये," म्हातारी म्हणाली. त्याने आपल्याच चित्रापुढे हात जोडले आणि बाजूला झाला.

अंगणात तो चपला शोधत होता तेव्हा जयवंता मागून आली. पदराची गाठ सोडून तिने आपट्याचं एक पान काढलं, त्याच्या हातावर ठेवलं आणि पुढे चालू लागली.