घासून गेलेल्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची किटली आहे, आणि सुरुवातीलाच सांगते, मी दमले आहे. चहाने दमवलं नाही मला. चहाचा मला कधी कंटाळा आला नाही. मी दमले आहे ती घासली जाऊन जाऊन. नव्वद वर्षांत ज्या कोणी माझ्यावर माया केली, त्या प्रत्येकाने हातात फडकं घेऊनच केली. माझ्या अंगावर वाचण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्या मायेपायी पुसलं गेलं.

माझा जन्म शेफील्डचा. कारागिरांनी ठोकून, वळवून, सांधून मला आकार दिला. अंग सरळ रेषांचं, कोपरे ठसठशीत, मूठ काळ्या लाकडाची. मग मला चांदी तपासणाऱ्या कचेरीत नेलं. तिथे माझा एक कण खरवडून पाहिला आणि तळावर ओळीने चार ठसे मारले. एक मालकाच्या आद्याक्षरांचा. दुसरा चालत्या सिंहाचा, म्हणजे चांदी अस्सल. तिसरा मुकुटाचा, म्हणजे गाव शेफील्ड. चौथं एक अक्षर, म्हणजे साल. माणसांचे जन्माचे दाखले कपाटात राहतात आणि हरवतात. आमचा दाखला आमच्या अंगावरच असतो.

तिथून मी बफर पोरींच्या हाती गेले. गरगर फिरणाऱ्या चाकावर भांडी धरून उजळायचं त्यांचं काम. वाळू आणि तेल उडून पोरी नखशिखांत काळ्या व्हायच्या, म्हणून ॲप्रनवर खाकी कागद बांधायच्या आणि डोक्याला लाल रुमाल. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. मला उजळलं ते एडनाने. उजळताना तिच्या लक्षात आलं की माझं झाकण केसभर तिरकं बसतं.

मालकाने मला एका नजरेत बाद केलं. "ही परत वितळवा," म्हणाला. माझं आयुष्य तिथेच संपायचं, पण एडनाचं लग्न ठरलं होतं. पोरींची मुकादमीण मिसेस टिंगल मालकाकडे गेली आणि मला नुसत्या धातूच्या किमतीत मागून आली. तिच्यासकट सात जणींनी आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी बाजूला टाकली. मग जेवणाच्या सुट्टीत एकीने पोलादी सुई घेतली आणि माझ्या तळावर, ठशांच्या खाली, बारीक अक्षरांत कोरलं, 'एडनाला, ईस्टर १९३१'. खाली सातही जणींनी आपापली नावं घातली. सुई नाजूक होती आणि हात घाईत होते, त्यामुळे अक्षरं काही फार खोल गेली नाहीत.

लग्नाआधीच्या, कामाच्या शेवटच्या दिवशी पोरींनी रिवाजाप्रमाणे एडनाला रंगीत कागद आणि फिती लावून नटवलं आणि डबे बडवत गल्लीगल्लीतून मिरवलं. मी मात्र खाकी कागदात गुंडाळलेली, तिच्या काखेत. नेमकी ती काख तिच्या होणाऱ्या मोठ्या जावेने पाहिली. जावेचं नाव फ्लॉरी, आणि जीभ तिखट.

"बफर पोरीकडे चांदीची किटली?" ती गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली. "अहो, हिने ॲप्रनच्या कागदाखाली घालून आणली. मी स्वतः पाहिलं!"

एवढं पुरलं. एडना मला एकदा उलटी करून दाखवती तर विषय तिथेच मिटला असता. तिच्या नवऱ्याने, हॅरॉल्डने, किती वेळा विनवलं.

"अगं दाखव ना एकदा. तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"मला चोर म्हणणाऱ्यांपुढे मी किटली उलटी धरून उभी राहू?" एडना म्हणाली. "मेले तरी नाही. ज्यांना विश्वास ठेवायचाय त्यांनी तसाच ठेवावा."

तिने मला थेट दर्शनी खिडकीत मांडलं. चोरीचा माल कोणी खिडकीत ठेवतं का, असं तिचं उत्तर. दर शनिवारी ती मला घासून लख्ख करायची आणि पुन्हा खिडकीत ठेवायची. सगळी गल्ली बघत जायची. कोणी चांगलं बोललं नाही, कोणी तोंडावर वाईटही बोललं नाही. तळाला मात्र ती फडकं लावत नसे. तळ तिचा एकटीचा होता.

मग युद्ध आलं आणि एडना पुन्हा कारखान्यात जाऊ लागली. तिची मुलगी नोरा तेव्हा नऊ वर्षांची होती. एका शनिवारी आई दमून येईल, तिला खूश करावं, म्हणून नोराने फळीवरून आईचा जुना डबा काढला. त्यात बफरांची बारीक वाळू होती. तिने तेलात वाळू कालवली आणि मला आडवी-उभी, आतून-बाहेरून घासली. उलटी केल्यावर तिला तळावर ओरखडे दिसले. बारीक, वेडेवाकडे, काळपटलेले. मित्रांनो, पोरीने जीव तोडून काम केलं. जीभ दातांत धरून, दोन तास. मला ओरडता येत नाही, नाहीतर ओरडले असते.

एडना आली. तिने मला उचललं, सवयीने उलटी केली आणि खुर्चीत बसली. नोरा समोर उभी, हात कोपरापर्यंत काळे, तोंडभर हसू.

"छान चमकवलीस गं," एडना म्हणाली.

बस, एवढंच. पुढच्या वीस वर्षांत ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, आणि मरताना मला नोराच्या हवाली करून गेली. नोराने आईचा शनिवार चालू ठेवला. आईची आठवण म्हणून घासायची. दर शनिवारी थोडी मी, थोडा सिंह, थोडा मुकुट झिजत गेलो. खिडकीत मी दिमाखात बसायची खरी, पण आतून मला आपण कोण हेच आठवेनासं झालं होतं.

एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत दोन गोष्टी एकदम घडल्या. पोलादाच्या कारखान्यांत संप सुरू झाला आणि चांदीचा भाव आभाळाला भिडला. नोराचा नवरा वॉल्टर संपावर होता. तीन आठवड्यांत घरातला कोळसा संपला आणि वॉल्टरची छाती खोकून खोकून दुखायला लागली. गावात तेव्हा जो तो पिशवीत चमचे आणि ताटल्या घालून चांदीवाल्यांच्या दारात उभा होता. सगळा माल वजनावर जायचा आणि तिथून भट्टीत. एका मंगळवारी नोराने मला जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलं. फ्लॉरीची मुलगी ग्लॅडिसही दोन चमचे घेऊन तिच्याबरोबर निघाली. चुलत बहिणी त्या, एकाच गल्लीत वाढलेल्या.

दुकान मिस्टर हाउस्लीचं. त्याने मला उलटी केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खुणा कुठायत, बाई? हा सिंह आहे की बसलेलं मांजर?"

"चोरीच्या मालाच्या खुणा घासूनच टाकतात ना," ग्लॅडिस म्हणाली.

"ग्लॅडिस, इथे नको," नोरा हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण तो शब्द ऐकला की ती अजून गल्लीतली पोर व्हायची.

दुकानाच्या कोपऱ्यात मिस बॅगशॉ बसलेली असे. सगळं आयुष्य ठसे वाचण्यात गेलेली म्हातारी. तिने मला घेतलं, खिडकीपाशी उजेडात तिरकी धरली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"मुकुट आहे. शेफील्डचीच. अक्षरही आहे. पण पंचवीस वर्षांनी तेच अक्षर फिरून येतं, त्याच्याभोवतीची चौकट तेवढी बदलते. आणि ह्या चौकटीचे कोपरे कोणीतरी वाळूने खाल्लेत."

"वाळूने?" नोराने विचारलं.

"बफरांच्या वाळूने. फडक्याने असं होत नाही." म्हातारीने माझ्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "एकोणीसशे पाचला असली सरळ अंगाची किटली कोण करत होतं? म्हणजे नंतरचं अक्षर. तीस सालचं."

"बघ!" ग्लॅडिस पुढे सरकली. "तीसची! आणि काकूचं लग्न एकतीसला. कारखान्यात पडलेली उचलली."

"गावातल्याच ना हो तुम्ही?" मिस बॅगशॉने चष्म्यावरून पाहिलं. "शेफील्डचं अक्षर जुलैत बदलायचं. तीसचं अक्षर एकतीसच्या जूनपर्यंत चालतं. लग्न कधीचं?"

"ईस्टरचं," नोरा म्हणाली.

"मग ही तेव्हा कोरी करकरीत होती."

"म्हणजे ताजी ताजी उचलली," ग्लॅडिस म्हणाली. रांगेतलं कोणीतरी हसलं.

मिस्टर हाउस्लीने घड्याळाकडे पाहिलं. "मिस बॅगशॉ, रांग बघा जरा. ठसे असे, झाकण तिरकं. हिला गिऱ्हाईक नाही मिळायचं. भट्टीच्या पेटीत टाका. चालेल ना, बाई?"

नोराने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मान हलवली. मला वाईट वाटलं म्हणाल, तर तेवढं नाही वाटलं. पन्नास वर्षं त्या खिडकीत एका आरोपाला उत्तर देत बसले होते. वितळलं की सुटले, असं मनात आलं. दमलेल्याच्या मनात असंच येतं.

"वजन करण्याआधी कुठे डाग देऊन सांधलंय का पाहू दे," मिस बॅगशॉ म्हणाली. "शिशाचा डाग नुसत्या डोळ्याला दिसत नाही, श्वासाच्या वाफेत दिसतो."

तिने मला तोंडाशी धरलं आणि तळावर लांब, ऊबदार श्वास सोडला. चांदीवर धुकं आलं. घासून सपाट केलेल्या जागी धुकं सगळीकडे सारखं बसत नाही. त्या धुक्यात रेघा उमटल्या. म्हातारीचा हात थांबला. धुकं विरलं तसा तिने पुन्हा श्वास सोडला, मग तिसऱ्यांदा, आणि अडखळत वाचू लागली.

"एडनाला... ईस्टर... एकतीस. खाली नावं आहेत. आयडा. मेबेल. लॉटी. हे काय... सेलिना. नेली. पुढचं लागत नाही. आणि शेवटी एम. टिंगल." तिने मान वर केली. "ही बफर पोरींची भेट आहे, बाई. माझी मावशी त्याच कामात होती. कोणाचं लग्न ठरलं की त्या असंच करायच्या."

ग्लॅडिसने हात पुढे केला. "बघू." तिने स्वतः श्वास सोडला, स्वतः वाचलं आणि मला काउंटरवर अलगद ठेवलं.

"आमच्या आईला हे माहीत असतं तर," ती पुटपुटली.

"माझ्या आईला माहीत होतं," नोरा म्हणाली. "मी घासलं ते. नऊ वर्षांची होते. ओरखडे वाटले मला. ती म्हणाली, छान चमकवलीस. ग्लॅडिस, ती मला छान म्हणाली गं!"

ती भर दुकानात, रांगेसमोर, माझ्या लाकडी मुठीला धरून रडली. थोड्या वेळाने तिने मला पुन्हा स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि काही न विकता घरी निघाली. ग्लॅडिस मागेच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी कोळशाचं पोतं होतं. कोणी ठेवलं ते सांगायला कोणी आलं नाही. ग्लॅडिसकडचे दोन चमचे मात्र पुन्हा कधी दिसले नाहीत. पुढच्या रविवारी ती चहाला आली आणि तिने स्वतःच्या हाताने मला धरून चहा ओतला. तिरकं झाकण तेवढं बोटाने दाबून धरलं.

मित्रांनो, आता नोरा नव्वदीच्या पुढे आहे आणि मी काळी पडले आहे. पाहुणे म्हणतात, एवढी चांगली किटली, कशी टाकली आहे बघा. तुमच्या हातात कधी जुनी चांदी आली तर एवढं करा. आधी उलटी करा. उजेडात तिरकी धरा. श्वास सोडून बघा. घासायची घाई करू नका, कारण तुम्हाला जे ओरखडे वाटतात ते कोणाचं तरी नाव असू शकतं.

शनिवार अजून पाळला जातो. नोरा माझा तळ मऊ कापडाने नुसता टिपते आणि तोंडाशी धरते. तिचा श्वास आता आखूड झाला आहे, एका दमात एकच नाव उमटतं. तेवढं ती मोठ्याने वाचते. मग धुकं विरायच्या आत, दर शनिवारी, हळूच म्हणते, "आई, अगं तेव्हाच एक थोबाडीत का नाही दिलीस?"