गव्हाशिवाय सण

श्रीपतीमामाचा फोन आला तेव्हा आबा ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. आई गेल्यापासून ते काम त्यांनी घेतलं होतं. निवडलेले तांदूळही ते पुन्हा निवडायचे.

"दाजी, होळीला दोघं हिकडं वास्कोला या," मामा म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "पहिला सण माझ्या घरी करू. मीच तिकडं आलो असतो, पण बंदरात आता जहाजांचा सीझन आहे. रजा मिळत नाही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. त्या दिवसांत मी कशालाही मान हलवत होते.

आमच्याकडे घरात मयत झालं की पुढचा पहिला सण घरच्यांनी आपल्या घरी करायचा नसतो. जवळच्या नातेवाइकांनी पुरणपोळी करायची, आपल्या हाताने भरवायची. त्यानंतर घरात गोड शिजवायला हरकत नसते. माझ्या आईला हा एकच भाऊ. संक्रांतीनंतर एका सकाळी ती गेली आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. वास्कोहून निघालेला मामा दुसऱ्या दिवशी मावळातल्या आमच्या गावी, नवलाख उंबऱ्याला पोहोचला, तेव्हा त्याच्यासाठी राख उरली होती. त्याने तेव्हा काही म्हटलं नाही. दहाव्याला फक्त मला म्हणाला, "अमू, सण मात्र मी करणार. तो कुणाला देऊ नकोस."

अडचण होती ती माझ्या पोटाची. मला सीलिअॅक आहे. गव्हातला एक अंश माझ्या आतड्यांना चालत नाही. घासभर गेला तरी दोन-तीन दिवस मी उभी राहू शकत नाही आणि आत जे बिघडतं ते त्याहून जास्त दिवस राहतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. आईने त्याच आठवड्यात घरातला पोळपाट वेगळा केला, पिठाच्या गिरणीत जाणं बंद करून घरी जातं बसवलं आणि हिंगाच्या डबीत मैदा मिसळलेला असतो हे कळल्यावर हिंगच बंद केला. लग्नात, बारशात ती थेट आचाऱ्यापाशी जाऊन उभी राहायची. मला कधी कुणाला काही विचारावं लागलं नाही. पुढे लोणावळ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले, तिथेही डबा तिचाच असायचा. रोज सकाळच्या गाडीने गावातलं कुणी ना कुणी तो आणून द्यायचं.

आबांना हे सगळं बायकांचं काम वाटत असे. त्यांनी कधी अडवलं नाही आणि कधी लक्षही घातलं नाही.

मी मामीला फोनवर सांगितलं, "मामी, मला गहू चालत नाही, आठवतंय ना?"

"आठवतंय गं. तुझ्या आईनं लय येळा सांगितलंय. तुझ्यासाठी तांदळाच्या पोळ्या करते की मी. तू नुसती ये."

आम्ही पुण्याहून रात्रीची गाडी धरली. आबांनी घरचा इंद्रायणी तांदूळ पिशवीत घेतला होता, मामासाठी. माझ्यासाठी तांदळाच्या भाकरी मीच भाजल्या होत्या. त्या जाड झाल्या आणि मिरजेच्या आत संपल्या.

वास्कोत मामाचं घर दोन खोल्यांचं, बंदराच्या रस्त्याला वर चढून. मामी मूळची आमच्याच मावळातल्या बेडश्याची. तिने दारातच मला जवळ घेतलं आणि रडली. मी तिच्या खांद्यावरून आत बघत होते. ओट्यावर कणकेची परात होती, शेजारी सुजीचा डबा उघडा, भिंतीवर पिठाचा हलकासा थर. एकच तवा. तिथे काही खाणं शक्य नव्हतं.

"मामी, सण उद्या आहे ना? आज मी बाहेर खाईन."

"बाहेर? घर असताना?"

"असू दे गं," मामा म्हणाला. "पोरीला शहर बघू दे."

आबा माझ्याबरोबर निघाले. आम्ही बाजारात गेलो. पहिल्या खानावळीत मासे होते, सगळे रव्यात घोळून तळलेले. दुसरीत इडली होती, पण सांबारात हिंग असणारच आणि विचारायला मला तोंड उघडवेना. तिसऱ्यात मी एवढं म्हटलं, "ग्लूटेन नसलेलं काही आहे का?" वेटर हसून म्हणाला, "शुगर फ्री आहे मॅडम. कॉफी." मी बरं म्हणून बाहेर आले. आबांनी पावभाजी खाल्ली. खाताना त्यांनी वर बघितलं नाही.

बंदराच्या फाटकाजवळ एका हॉटेलच्या दाराशी इंग्रजी पाटी होती. त्यात मला हवं ते, 'ग्लूटेन फ्री', लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत. आतून एक जाडसर बाई आली, कानात मोत्यांच्या कुड्या. मी पाटीकडे बोट केलं.

"ते आज ना, बाय. फॉरेनच्या टुरिस्टांचं जहाज लागलं की करतो आम्ही. उद्या येणार आहे मोठं."

"म्हणजे रोज नाही?"

"रोज कोण मागतो? आमच्या माणसांना कुठे असलं काही होतं!"

मी मान हलवली. केळी आणि उकडलेली अंडी घेतली. समुद्राच्या कठड्यावर बसून ती खाल्ली. समोर कोळशाचे ढीग, बार्जेस, राखाडी पाणी. आबा म्हणाले, "समुद्र लय मोठा हाय." मी हो म्हटलं. आईला समुद्र बघायचा होता की नाही, मला आठवेना. आठवायचा प्रयत्नही मी फार केला नाही. केळ्याची सालं पिशवीत भरली.

होळीच्या दिवशी सकाळी जहाज आलं. मामाच्या खिडकीतून ते दिसत होतं, पांढरं, बाजारातल्या सगळ्या इमारतींपेक्षा उंच. मामी पहाटेपासून स्वयंपाकात होती. घरभर वेलदोड्याचा वास होता. तिने पाट मांडले, भोवती रांगोळी काढली, आबांना आणि मला शेजारी बसवलं. माझ्यासाठी वेगळं ताट, नवं कोरं, त्यावरची चिठ्ठीची खूण अजून गेली नव्हती. ताटात एक पोळी, पातळ, मऊ, गोल. तांदळाची पोळी इतकी गोल होत नाही हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मामा माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याने पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला. 

"अमू, तोंड उघड."

मी तोंड उघडलं.

"कशी जमलीये बघ," मामी मागून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. "नुसत्या तांदळाची तुटत होती, दोनदा टाकून दिली. मग शेवटी त्यात मूठभर मैदा घातला. गहू न्हाई हां घातला! मैदा घातला. तवा बी घासून घेतला."

घास माझ्या ओठांपाशी आला होता. तुपाचा वास येत होता. मी विचार केला, खाऊन टाकावं. खरं तर तो विचारही नव्हता. खाणं सोपं होतं. मामाला हवं होतं, मामीने दोनदा टाकून पुन्हा केलं होतं, आबा थकले होते आणि माझ्या पोटाचं पुढे काय होईल ते मला कुणा दुसऱ्याच्या पोटाबद्दल वाटावं तितकंच वाटत होतं.

"मामी," मी म्हटलं, "मैदा गव्हाचाच असतो."

मामीने वाकून पोळीकडे बघितलं. मग म्हणाली, "असं कसं? तो पांढरा असतो."

"गव्हाचाच असतो."

मामाचा हात तसाच होता. तूप त्याच्या मनगटावरून खाली ओघळलं.

"एकच घास, अमू," तो हळू म्हणाला. "नुसता ओठाला लाव. तुझ्या आईसाठी."

"आईने नसता दिला."

हे मी मोठ्याने बोलले नाही. पण खोली लहान होती. मामाने घास ताटात ठेवला. तो आपल्या हाताकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मला तिला नेतानाही हात लावता आला नाही. आता तुला भरवूही नको का? मग मी करू तरी काय?"

 मामी पदराने डोळे पुसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला खरंच ठाऊक न्हवतं गं. आईशप्पथ."

"असू दे मामी, कुणालाच ठाऊक नसतं," मी म्हटलं.

आबा पाटावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. "श्रीपती, हात धू. चल."

"कुठं दाजी?"

"त्या बाईकडं. जहाज आलंय न्हवं?"

"दाजी, सणाचं जेवण हॉटेलात?"

"हात धू म्हनतो."

आम्ही चौघं उतारावरून खाली गेलो. मामीने घाईत चप्पल वेगवेगळी घातली होती, ते कुणी तिला सांगितलं नाही. रस्त्यात दुकानं बंद होती. पोरं आजपासूनच रंग खेळायला लागली होती. आबांचं पांढरं धोतर आणि आमची तोंडं बघून त्यांनी आम्हाला सोडलं. हॉटेलात मात्र गर्दी होती. टोप्या घातलेले, उन्हाने लाल झालेले गोरे म्हातारे-म्हाताऱ्या प्रत्येक टेबलावर. कालची बाई दारातच म्हणाली, "आज जागा ना. सगळं जहाजवाल्यांचं बुकिंग."

मी मागे वळले.

"ओ बाई," आबा म्हणाले. ते तिच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले होते. "माज्या लेकीला गहू चालत न्हाई. कनीक न्हाई, मैदा न्हाई, रवा न्हाई, शेवया न्हाई, पाव न्हाई. हिंग न्हाई. सोयाचं ते काळं पानी असतं, ते बी न्हाई. पोळीच्या तव्यावर दुसरं काय भाजलं तर ते बी न्हाई. एवढं सोडून काय असंल ते द्या. कुटं बी बसवा."

मी आबांकडे बघितलं. शेवया आणि ते काळं पाणी मलाही आठवलं नसतं.

बाईने आबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं सगळं तर त्या जहाजवाल्यांनाही ठाऊक नसतं, आजोबा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक टेबल लावलं.

"आधी गोड," मामा म्हणाला. "आधी गोड पाहिजे. बिनगव्हाचं काय आहे?"

"बेबिंका नको, त्यात मैदा आहे. कॅरामल पुडिंग घ्या. दूध, साखर, अंडं."

"अंडं?" मामी दचकली. "सणाला? होळीला अंडं? शेजारीपाजारी कळलं तर!"

आबांनी मागे वळून सगळ्या टेबलांवर नजर फिरवली. "शेजारी कुटं दिसत्यात तुला? ह्यातला एक तरी बेडश्याचा हाय का?"

मामा हसला. मग एकदम तोंड फिरवून खोकला.

पुडिंग स्टीलच्या वाटीतून बशीत उलटं केलेलं आलं. ते हलत होतं. मामीने चमचा पुढे केला. मामाने तो बाजूला सारला. "हातानंच भरवायचं असतं." त्याने बोटांनी तुकडा उचलला, तो घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरून टेबलावर पडला. शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी उघडपणे बघू लागली. तिसऱ्या वेळी मामाने दुसरा हात खाली धरला आणि मी पुढे वाकले.

ते थंड होतं. गोड असावं. मी गिळलं.

"झालं?" मामाने विचारलं.

"झालं."

त्याने ओली बोटं पँटला पुसली. आणि मग, इतक्या माणसांत, दोन्ही हातांनी तोंड झाकून तो बसून राहिला. मामी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. आबांनी बशी स्वतःकडे ओढली. "मला पन भरवायचंय न्हवं तुला?" ते म्हणाले. "का मी येवढ्या लांबून समुद्र बघायला आलो?"

मामाने डोळे पुसले आणि त्यांनाही भरवलं. आबांनी चावलं, खरं तर त्यात चावण्यासारखं काही नव्हतं. "लय गिळगिळीत हाय," ते म्हणाले. "पन गोड हाय."

मला वाटलं होतं, या क्षणी काही तरी होईल. मला रडू येईल किंवा आई आठवेल. तसं काही झालं नाही. दारातून जहाजाची एक बाजू दिसत होती, खिडक्यांच्या रांगा, प्रत्येकीत कुणीतरी. आतून खोबरं भाजल्याचा वास आला आणि माझ्या पोटात कळ उठली. ती भुकेची होती हे कळायला मला वेळ लागला.

वेटर आला. आबा बोलायला पुढे सरसावले.

"थांबा आबा," मी म्हटलं. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत वाफ होती. एक माणूस मोठ्या पातेल्यात ढवळत होता, बाई त्याच्यामागे उभी होती.

"माशाच्या आमटीला दाटपणासाठी काय घालता?" मी विचारलं.

"खोबरं, बाय," ती म्हणाली. "दुसरं काय घालणार?"

"आणि हा डाव? याने दुसरं काही ढवळलंय?"

तिने त्या माणसाच्या हातातून डाव घेतला, नळाखाली धरला, मग विचार बदलून तो बाजूला टाकला आणि खुंटीवरचा दुसरा काढून दिला.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. "भात जास्त द्या," मी म्हटलं.