आबासाहेबांचा फुटपाथ

आबासाहेब सरपंच पुण्याला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात फुटपाथ शिरला. त्र्याहत्तर साल, दुष्काळी कामावर अख्खं गाव दगड फोडत होतं, त्यामुळं दगडाला तोटा नव्हता. महिन्याभरात पेठेच्या कडेनं गुडघाभर उंच फुटपाथ उभा राहिला. बैलगाड्यांच्या मधून न धडपडता माणसांनी नीट चालावं, एवढाच हेतू. पण कर्जत तालुक्यात गुडघाभर उंच दगड दिसला की माणूस त्यावर चालत नाही, बूड टेकतो. पहिल्याच सकाळी भिमाजी पाटलांसकट गावातले सगळे म्हातारे तिथं ओळीनं बसले, ते जेवायलाच उठले.

आता आली का पंचाईत! बसलेल्या थोरांपुढून सुनांनी जायचं नाही, ही रीत. पूर्वी म्हातारे पारावर असायचे, पेठ मोकळी होती. आता विहिरीला जायचं तर मागच्या बोळातून, आणि बोळ म्हणजे गावाची हागणदारी. चांगुणाला सातवा महिना. डोक्यावर हंडा, पायाखाली नको ते. एक दिवस ती घसरली, भिंतीला धरून कशीबशी वाचली. पोटातल्या जिवाच्या भीतीनं घरी येऊन ढसाढसा रडली.

सासू झुंबरबाई रीतीभातीला कडक. पण नातवाची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांचं तोंड धुऊन व्हायच्या आत ती आळीतल्या बाया घेऊन फुटपाथवर जाऊन बसली. चांगुणाही शेजारी. कुणी लसूण सोलतंय, कुणी उवा मारतंय. बायांच्या घोळक्यापुढून भल्या माणसानं जायचं नाही, हीही रीतच. भिमाजी पाटील आले, खाकरले आणि मुकाट बोळात शिरले. त्यांच्यामागं बाकीचे.

दुपारी आबासाहेब बोळातून बाहेर पडले. धोतर वर धरलेलं, एक चप्पल आतच राहिलेली.

"काय हे, झुंबरआक्का? ह्यो फुटपाथ चालायला बांधलाय!"

"मंग त्या म्हाताऱ्यास्नी सांगा की, आबा. ते बसले की आमीबी बसनार."

आबासाहेबांनी आपल्या पायाकडं पाहिलं.

"न्हाई बसायचं आता कुनी. म्हातारे पारावर जातील. चाला तुमी."

बाया उठल्या. चांगुणानं पदर सावरला आणि पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपाथवरून चालत गेली. वळून परत आली. हंडा घरीच होता, काम काही नव्हतं.

"बास की गं आता!" झुंबरबाई ओरडली.

"आत्याबाई, आनि एकदा," चांगुणा म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.